गाडी कुठं आहे, एवढं तरी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एसटीत मी 31 वर्षं काढली. पहिली 19 कंडक्टर म्हणून आणि उरलेली वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवर काचेच्या खिडकीमागं माइक घेऊन बसलेला जो माणूस असतो, तो मी. त्या खिडकीत दिवसभर एकच प्रश्न यायचा : "साहेब, गाडी कधी येणार?" "मोडनिंबजवळ पंक्चर झालीय, पाऊण तास लागेल," असं सांगितलं की लोक कपाळाला आठ्या घालत का होईना, चहाला जायचे. "येईल, बसा," म्हटलं की तेच लोक दहा मिनिटांत काचेवर थापा मारायला लागायचे. उशीर माणूस सोसतो, मोघम उत्तर सोसत नाही. नोकरीत एवढं एक शिकलो.

हे आज लिहायचं कारण माझा मुलगा. वय 25, आयटीआय वायरमन, इथं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याच्या जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर 'मुलगी' लिहिलेलं आहे. तो ट्रान्स मॅन आहे. पेपरात याला 'लिंगबदल' लिहितात, त्याला तो शब्द आवडत नाही. "अप्पा, मी कुठं बदललो? तुम्हाला कळायला वेळ लागला एवढंच," म्हणतो. खोटं नाही. पण ते पुढं.

मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात त्याच्या छातीची, म्हणजे ती पुरुषासारखी सपाट करायची, शस्त्रक्रिया व्हायची आहे. ही मुलं तिला टॉप सर्जरी म्हणतात. जानेवारी 2024 मध्ये प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत नाव लिहून घेतलं, तेव्हापासून आम्ही वाट पाहतोय. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. सकाळी आठला राउंड घेणारी पोरगी रात्री दहाला त्याच कपड्यांत दिसते, तिच्यावर काय रागवायचं? माझं गाऱ्हाणं खिडकीबद्दल आहे.

वेटिंग लिस्ट, वेटिंग लिस्ट असं सगळे म्हणतात. मी ती लिस्ट पाहायला मागितली. लिस्ट नाहीच! एक जाड वही आहे, त्यात नावं आहेत, पण तुमचा नंबर कितवा हे कुणी सांगू शकत नाही, कारण वही ओळीनं चालत नाही. तारीख मिळते ती केसपेपरच्या मागं, पेन्सिलीनं. रेल्वेचं कौतुक करायला मला एसटीवाल्याला जीभ रेटत नाही, पण सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंग 34 असलं तर ते 34 आहे हे मला माहीत असतं. दुपारी ते 19 होतं, संध्याकाळपर्यंत 6 वर येतं. पीएनआर टाकला की दिसतं. चार्ट लागला आणि नाहीच झालं, तर पैसे परत घेऊन मी एसटीनं जातो. माझ्या मुलाच्या छातीला पीएनआर नाही.

आतापर्यंत तीन तारखा हुकल्या. पहिली मे 2024 ची. ऑपरेशन थिएटरचा एसी बंद पडला म्हणून त्या आठवड्यातल्या सगळ्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या, आणि आम्हाला ते वॉर्डात गेल्यावर कळलं. दुसरी ऑगस्टची. कोलकात्याच्या त्या डॉक्टर मुलीच्या प्रकरणानंतर निवासी डॉक्टर संपावर गेले, ते बरोबरच गेले. तिसरी जानेवारी 2025 ची. आदल्या रात्री भाजलेले पेशंट आले. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना नट्यांची नाकं आठवतात, पण सरकारी रुग्णालयात तो विभाग म्हणजे स्टोव्हनं भाजलेल्या बायका, मशीनमध्ये बोटं गेलेले कामगार, ओठ फाटलेली तान्ही मुलं. त्यांना पुढं सोडलं याबद्दल आमच्या घरात कुणीच कुरकुर केली नाही. घाटात दरड कोसळली की आधी अँब्युलन्स सोडायची, हे मला कुणी शिकवायला नको. माझा मुलगा तर स्वतःच उपाशीपोटी उठून बाजूला झाला, त्याचा बेड एका भाजलेल्या माणसाला दिला.

पण तिन्ही वेळा आम्हाला जे ऐकवलं, ते सारखंच होतं : "कोल्ड केस आहे, पुढं घेऊ." कोल्ड केस म्हणजे घाई नसलेली. डॉक्टरांच्या भाषेत ते बरोबर असेल. मात्र सोलापूरच्या मे महिन्यात 43 डिग्रीला, यंत्रमागाच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, शर्टाच्या आत छाती आवळून धरणारा बाइंडर घालून दहा तास शिडीवर चढउतार करणाऱ्या पोराला 'कोल्ड' हा शब्द ऐकवत नाही. बाइंडर आठ तासांच्या वर घालू नये आणि झोपताना तर नाहीच, असं डॉक्टरांनी सांगितलंय. कारखान्यातली पाळी मात्र आठ तासांत कधी संपत नाही. त्याआधी, बाइंडरबद्दल आम्हाला काही माहीत नव्हतं तेव्हा, तो क्रेप बँडेज गुंडाळायचा. एकदा त्याच्या आईनं अंघोळीच्या वेळी पाठ पाहिली. काखेपासून खाली बँडेजच्या विणीचे ठसे उमटलेले आणि एका बाजूला कातडी सोललेली. ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन खोबरेल तेल घेऊन आली. त्यानंतर तिनं त्याला कधीही 'ती' म्हटलं नाही. माझं तोंड वळायला अजून दोन महिने लागले.

आता ते 'पुढं' म्हटलेलं. 2021 च्या दिवाळीत त्यानं आम्हाला सांगितलं. धाकट्या बहिणीची स्थळं पाहणं चालू होतं. मी म्हटलं, "थांब, हिचं लग्न होऊ दे, मग बघू." लग्न डिसेंबर 2022 मध्ये झालं. तेरा महिने तो गप्प बसला, घरात सगळ्यांचे दिवे दुरुस्त करत राहिला, लग्नात आईच्या आग्रहाखातर पंजाबी ड्रेस घालून फोटोत उभा राहिला. तो फोटो आम्ही हॉलमध्ये लावलेला नाही. म्हणजे या मुलाची पहिली तारीख सरकारनं ढकलली नाही, मी ढकलली. तेही तसंच, "येईल, बस," म्हणून. तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे कबूल करून पुढचं लिहितो.

जानेवारी 2023 पासून आमचे फेरे सुरू झाले. मानसोपचार ओपीडी एका वारी, हार्मोनची ओपीडी दुसऱ्या वारी, प्लास्टिक सर्जरी तिसऱ्याच वारी. मुंबईकराला हे चालतं, अर्धा दिवस टाकला की झालं. सोलापूरच्या माणसाला प्रत्येक ओपीडी म्हणजे दोन रात्री रेल्वेत आणि दोन दिवसांचा खाडा. मानसोपचार विभागात दर काही महिन्यांनी निवासी डॉक्टर बदलतात. नवा डॉक्टर आला की पहिल्यापासून : कधीपासून वाटतं, लहानपणी काय खेळायचास, घरी माहीत आहे का. पाचव्यांदा सांगताना मुलगा मला बाहेर येऊन म्हणाला, "अप्पा, आता माझंच मला पाठ केल्यासारखं वाटायला लागलंय." हार्मोन सुरू व्हायला ऑक्टोबर 2023 उजाडला.

आणि सगळ्यात कडी म्हणजे यंदाची. तिसरी तारीख हुकल्यावर चौथी मागायला गेलो तर काउंटरवर सांगितलं, मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र एक वर्षापेक्षा जुनं झालंय, नवं आणा. पत्र जुनं कशामुळं झालं? तुमच्या तारखा पुढं गेल्यामुळं! गाडी तुम्ही सोडली नाही आणि माझ्या तिकिटाची मुदत संपली म्हणता. कंडक्टर असताना मी असं एकाला म्हटलं असतं तर माझी लेखी तक्रार झाली असती.

कायद्यात काही कमी आहे असं नाही. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात, आपण स्त्री की पुरुष की तृतीयपंथी हे माणसानं स्वतः ठरवायचं, असा निकाल दिला. 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याच्या कलम 15 मध्ये शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार, आधी-नंतरचं समुपदेशन आणि विम्याची तरतूद, सगळं लिहिलेलं आहे. ऑगस्ट 2022 मध्ये दिल्लीत आयुष्मान भारतखाली या लोकांसाठी वर्षाला 5 लाखांच्या विमा संरक्षणाचा करार झाला, ती बातमी मी कात्रण काढून ठेवली आहे. ते कात्रण घेऊन मी काउंटरला गेलो. तिथल्या बाईंनी दोनदा वाचलं, संगणकात पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, आमच्याकडं असं पॅकेज दिसत नाही." त्यांनी कात्रण मात्र नीट घडी घालून परत दिलं.

जे चांगलं झालं तेही लिहायला हवं. तृतीयपंथी म्हणून मिळणाऱ्या ओळखपत्राचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर केला. अर्ज केल्या केल्या क्रमांक आला. तो टाकला की अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते दिसायचं. जिल्हाधिकाऱ्यांनी 30 दिवसांत द्यायचं असा तेव्हा नियम होता, आम्हाला महिन्याच्या आतच मिळालं, एकदाही खेटा न घालता. म्हणजे सरकारला हे जमत नाही असं नाही. तेच डोकं रुग्णालयाच्या वहीला का लावत नाहीत? शिवाय या ओळखपत्रावर 'तृतीयपंथी' असं आहे. त्यावर 'पुरुष' करून घ्यायचं तर कलम 7 प्रमाणं शस्त्रक्रिया झाल्याचं वैद्यकीय अधीक्षकांचं प्रमाणपत्र लागतं. तिथंही गाडी त्याच सिग्नलला थांबते. कारखान्यात एकदा पर्मनंट करायची वेळ आली, तेव्हा एचआरच्या माणसानं दाखले पाहिले, माझ्या मुलाकडं पाहिलं आणि म्हणाला, "सगळे कागद एकसारखे झाले की या."

हार्मोनच्या उपचारानं नेमकं काय होतं ते लोकांना कळत नाही, मलाही कळत नव्हतं. एक सांगतो. मार्च 2023 मध्ये एसटीनं महिलांना अर्धं तिकीट केलं. एप्रिलमध्ये आम्ही तिघं तुळजापूरला निघालो. कंडक्टर माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि न विचारता एक फुल, दोन हाफ असं मशीनवर दाबायला घेतलं. मुलगा म्हणाला, "माझं फुल द्या." कंडक्टर हसला, "अगं ताई, सरकारनंच दिलंय, घे की." गाडीतल्या बायकाही हसल्या. मुलानं पुन्हा तेच सांगितलं, आवाज थोडा फाटला. मी एकोणीस वर्षं तिकिटं फाडली, पण जास्तीचे पैसे द्यायला भांडणारा प्रवासी मला कधी भेटला नव्हता. शेवटी मी म्हटलं, "दोन फुल, एक हाफ." माझ्या तोंडून त्याच्यासाठी निघालेला हा पहिला शब्द, तोही तिकिटाचा. गेल्या दसऱ्याला पुन्हा त्याच मार्गावर गेलो. आता दाढी आलीय, आवाज माझ्यापेक्षा जड झालाय. कंडक्टर अनोळखी होता. त्यानं "दादा, सरका थोडं पुढं," म्हणत फुल तिकीट हातात ठेवलं आणि पुढच्या सीटकडं गेला. मुलानं ते तिकीट पाकिटात जपून ठेवलंय. घामानं त्यावरची शाई पार उडाली आहे.

वाट पाहण्याच्या काळात आम्ही काय करतो, हे दुसऱ्या आईबापांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मुंबईच्या हार्मोनवाल्या डॉक्टरांकडून आम्ही एक चिठ्ठी लिहून घेतली : डोस काय, किती दिवसांनी, कोणत्या तपासण्या. ती आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांना दिली. ते जुन्या वळणाचे, सत्तरीचे. दोन दिवस वाचत बसले आणि म्हणाले, "इंजेक्शन द्यायला मला काय, देतो. रक्त मात्र वेळेवर तपासायचं." टेस्टोस्टेरॉननं, म्हणजे त्याला देतात त्या पुरुषी हार्मोननं, रक्त दाट होऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, लिव्हर, चरबी या तपासण्या पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी करायच्या असतात. त्या सोलापुरात झाल्यानं आमचे वर्षाला चार फेरे वाचले. आता हे आमचं नशीब की डॉक्टर भले निघाले. प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एवढी सोय करायला नवी इमारत लागत नाही, एक चिठ्ठी आणि एक तयार डॉक्टर लागतो.

नाही तर काय होतं? आमच्या भागात एसटी वेळेवर नाही आली की माणूस वडापमध्ये बसतो. जीपमध्ये चौदा माणसं, ब्रेक देवाच्या भरवशावर, पण निघते तरी. हार्मोनचंही वडाप आहे. जिममधला कुणी तरी इंजेक्शन आणून देतो, कसली तपासणी नाही, डोस अंदाजपंचे. माझ्या मुलाच्या ओळखीतला एक जण तसं घेत होता, चक्कर येऊन पडला तेव्हा कळलं. त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. स्टँडवर मी फलक लावला असता, तर तो वडापात बसला असता का, हा प्रश्न मला पडतो.

रात्री वाईट असतात. तिसरी तारीख हुकल्यावर मुलगा आठवडाभर जेवायला आमच्यात बसला नाही. त्या वेळी आम्ही 14416 ला, सरकारच्या टेलि-मानसला फोन केला. पलीकडच्या माणसाला या विषयातलं फार माहीत नव्हतं, पण त्यानं ऐकून घेतलं, मराठीत, पाऊण तास. ते पुरेसं होतं असं म्हणत नाही. त्या रात्रीपुरतं झालं.

आणि मी एक नोंदवही ठेवली आहे. नियंत्रकाची सवय. रकाने तेच : नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशिराचं कारण. कुठल्या दिवशी कोणत्या खिडकीवर काय सांगितलं, सगळं शाईत. पत्र शिळं झालं म्हणणाऱ्या काउंटरवर मी ती वही उघडून ठेवली. त्या माणसानं ती चाळली, मग आत गेला आणि प्रमुख डॉक्टरांची सही आणून दिली, जुनंच पत्र चालेल म्हणून. वही होती म्हणून झालं. ज्याच्या बापानं एसटीत नोकरी केली नाही, त्यानं काय करायचं?

इंग्लंडात याहून वाईट आहे, असं मला एकानं ऐकवलं. खरं आहे. मुलाच्या ओळखीचा एक मूळचा कोल्हापूरकडचा मुलगा लेस्टरला आहे. तिथल्या सरकारी सेवेत डॉक्टरनं चिठ्ठी दिल्यापासून 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे आणि या उपचारांसाठी प्रत्यक्षात वर्षंच्या वर्षं जातात. लोक कोर्टात गेले, जानेवारी 2023 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं तो उशीर बेकायदा धरला नाही. पण तिथले काही दवाखाने निदान जाहीर करतात की सध्या आम्ही अमुक महिन्यात आलेल्या चिठ्ठ्यांना बोलावतोय. म्हणजे गाडी पाच तास लेट आहे, पण कुठवर आलीय ते फलकावर लिहिलंय. आपल्याकडं उशीर कदाचित कमी असेल. मोजलाच नाही तर कळणार कसं?

खासगीत आम्हाला दीड लाखाच्या वर आकडा सांगितला. ग्रॅच्युइटीतले मुलीच्या लग्नात गेले. काढीन कर्ज, तेही काही अवघड नाही. पण मुलगा नाही म्हणतो. "अप्पा, कायद्यात लिहिलंय ना? मग मी लाइनीतच उभा राहतो. माझ्यामागं जे उभे आहेत त्यांच्याकडं तर कर्ज काढायलाही काही नाही." पोरगं हट्टी आहे, आईवर गेलंय.

आरोग्य खात्यातलं कुणी हे वाचत असेल तर मागणं फार मोठं नाही. नाव नोंदवताना नंबर द्या आणि तो कितवर आलाय ते मोबाइलवर किंवा भिंतीवर दिसू द्या. भाजलेला पेशंट आला तर नंबर मागं ढकला, पण ढकलला असं लिहा. बाहेरगावच्या माणसाच्या तिन्ही ओपीडी एका दिवशी बसवा. तुमच्यामुळं उशीर झाला असेल तर आमची पत्रं शिळी धरू नका. आणि तारीख रद्द होणार असेल तर सोलापूरची गाडी सुटायच्या आत एक फोन करा. फोन करायला माणूस नसेल तर मला सांगा. निवृत्त आहे, माइकवर बोलायची सवय आहे, बिनपगारी येऊन बसतो.

येत्या रविवारी रात्री आम्ही पुन्हा सिद्धेश्वरनं निघतोय. तिकीट काल वेटिंग 11 होतं, आज सकाळी 4 झालंय.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सोलापूर
(मुलाच्या सांगण्यावरून नाव छापू नये. नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे.)